एकाचे नऊ आणि ताईची गाडी

ताई गेली त्या दिवशी दुपारी तिचा मोबाइल माझ्या शर्टाच्या खिशात होता. सकाळी साडेनऊला तिच्या शेजारच्या बाईंचा फोन आला, की ताई चहाचा कप घेऊन खुर्चीत बसल्या त्या उठल्याच नाहीत. मी सिन्नरहून मिळेल त्या जीपने नाशिकच्या इंदिरानगरला पोचलो, तोवर डॉक्टर येऊन गेलेही होते. घरात माणसं जमत होती, कुणी सतरंजी अंथरत होतं, कुणी विहारात निरोप धाडत होतं. एवढ्यात खिशातला फोन वाजला. पलीकडून कुणीतरी विचारलं, "सुशीला मॅडम आहेत का?" मी म्हणालो, "मॅडम गेल्या." त्यावर तो म्हणाला, "मग परत कधी येतील?" माझ्या उत्तराची वाट न बघता तो आपला पुढे सांगत राहिला, की मॅडमच्या मोटारसायकलच्या फाईलवर काल साहेबांची सही झालीय, मूळ आधार कार्ड घेऊन त्यांनी स्वतः यायचंय, दुसऱ्या कुणाला पाठवायचं नाही. आणि फोन ठेवून दिला. ज्या कचेरीच्या पायऱ्या ताईने सहा वर्षं झिजवल्या, त्या कचेरीने आपणहून केलेला तो पहिला फोन.

आज पाच आठवडे झाले त्याला. पुण्यानुमोदनाच्या दिवशी लोक ताईबद्दल फार चांगलं बोलले. शांत होत्या, सोशिक होत्या, कुणाच्या अध्यात ना मध्यात. मी खाली मान घालून ऐकत होतो आणि आतल्या आत जळत होतो. सोशिक म्हणे! अहो, सोसायला लावलं म्हणून सोसलं तिनं. मला लोक सांगतात, आता राग सोडा, गेलेल्या माणसाच्या मागे राग धरू नये. गेलेल्या माणसावर कोण रागावलंय? मी जिवंत माणसांवर रागावलोय, आणि त्यात मी स्वतःही आलो. ते पुढे सांगतोच.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. सिन्नर तालुक्यातल्या शाळांमधून तिची सगळी नोकरी झाली आणि त्यातली बहुतेक वर्षं तिने पहिलीचा वर्ग मागून घेतला. बाकीच्यांना सातवी हवी असायची, हिला पहिली. लग्न केलं नाही. का केलं नाही हे विचारायची माझी कधी छाती झाली नाही, आणि ज्यांची झाली त्यांना तिने पुन्हा घरात चहा दिला नाही. आवाज कधी चढवायची नाही, पण समोरच्याचं बोलणं चुकलं की शांतपणे तेच वाक्य दुरुस्त करून त्याला परत ऐकवायची. माझी बायको म्हणायची, तुमच्या ताईंशी बोलायचं म्हणजे वही तपासायला दिल्यासारखं वाटतं.

आता गाडीचं. गाडी आमच्या अण्णांची, म्हणजे वडिलांची. अण्णा मलेरिया खात्यात होते. गावोगाव फिरायचं, तापाच्या माणसाच्या बोटाला सुई टोचून काचेवर रक्ताचा थेंब घ्यायचा, घराच्या भिंतीवर तारीख टाकायची. सायकलने फिरून फिरून गुडघे गेले तेव्हा त्यांनी ही दोन सायलेन्सरची मोटारसायकल घेतली. नवी कोरी, स्वतःच्या नावावर. आमच्या वस्तीतली पहिली. आम्ही पोरं तिला फटफटी म्हणायचो, अण्णा मात्र 'गाडी' म्हणायचे. ज्या गावांत अण्णा जायचे तिथे काही घरं अशी होती, की बोट पुढे करून रक्त काढू द्यायची, पण पाणी मागितलं तर ओंजळीत वरून ओतायची. त्या गावांतून हा माणूस गाडीवर बसून जायला लागला म्हटल्यावर बऱ्याच जणांच्या पोटात दुखायला लागलं, हे सांगायला ज्योतिषी नको. रस्त्यात कुणीही अडवायचं. सरपंच अडवायचा, फौजदार अडवायचा. प्रश्न एकच. "ही गाडी कुनाची हाय?" तुझी आहे का, असं कधी कुणी विचारलं नाही. कुणाची आणलीस, कुणाची पळवलीस, असाच सूर. अण्णा खिशातून गाडीचं पुस्तक काढायचे आणि नावाच्या पानावर उघडून समोर धरायचे. आरसी बुकाला तेव्हा सगळे पुस्तकच म्हणत.

एके दिवशी सिन्नरच्या रस्त्यावर एका नाक्यावर पोलीस शिपायाने ते पुस्तक हातातून घेतलं आणि परत दिलंच नाही. उद्या येऊन घेऊन जा म्हणाला. अण्णा दुसऱ्या दिवशी गेले, तिसऱ्या दिवशी गेले, त्या आठवड्यात आणखी एकदा गेले. शेवटी तोच शिपाई त्यांना म्हणाला, कसलं पुस्तक? दुसरं काढायचं तर पोलिसात लिहून द्यावं लागणार होतं, की पुस्तक हरवलं. आमचा बाप काही ते लिहून देईना. 'हरवलेलं नाही, घेतलेलं आहे' एवढाच त्यांचा हेका. आई विनवण्या करून थकली, की एक शब्द लिहा आणि मोकळे व्हा, गाडी रस्त्यावर येईल. ते म्हणायचे, मी हरवायला काय दारू पिऊन फिरतो का? त्यांनी गाडीवर ताडपत्री टाकली आणि निवृत्तीपर्यंत एसटीने फिरले. ताडपत्रीखालच्या त्या गाडीला आम्ही भावंडं चुकूनसुद्धा हात लावायचो नाही. त्यांच्या चेहऱ्याकडे बघून हिंमतच व्हायची नाही.

पण पुस्तक जायच्या आधी अण्णांनी एक गोष्ट करून ठेवली होती. त्यांनी ताईला गाडी शिकवली होती. आज जिथे इंदिरानगरच्या इमारती आहेत तिथे तेव्हा मोकळी रानं होती. तिथे रविवारी सकाळी ते ताईला न्यायचे. मलाही शिकायचं होतं, पण मी क्लच सोडताना घाबरायचो आणि गाडी धक्का खाऊन बंद पडायची. ताईची कधी बंद पडली नाही. पातळाचा काचा मारून ती त्या रानात गोल गोल फिरायची आणि अण्णा बांधावर बसून हसायचे. अण्णांना असं मोकळं हसताना मी दुसरीकडे कुठेच पाहिलेलं नाही.

ताई निवृत्त झाली, काही वर्षांनी इंदिरानगरला फ्लॅट घेतला, तेव्हा जुन्या घरातून तिने दोनच वस्तू नेल्या. आईचा पाटा-वरवंटा आणि ही गाडी. मला वाटलं, आठवण म्हणून पार्किंगमध्ये ठेवेल. तिने पंचवटीतल्या रफिकभाईंना बोलावलं. जुन्या गाड्यांचा नाशिकमधला हा जाणकार माणूस. त्यांनी पाच-सहा महिन्यांत इंजिन उघडून, धुऊन, जोडून गाडी सुरू करून दिली आणि जाताना म्हणाले, "ताई, इंजिन शरीफ आहे. आता कागद बदमाशी करतील." नेमकं तेच झालं.

ताईचं म्हणणं साधं होतं. गाडी अण्णांची होती, अण्णा गेले, गाडी वारस म्हणून माझ्या नावावर करा. पुस्तकाच्या जागी हल्ली कार्ड देतात, ते तिच्या नावाचं मिळालं, की ती गाडी घेऊन त्याच सिन्नरच्या रस्त्याने एकदा जाणार होती. मी तिला म्हणालो, अगं तिथे आता नाका राहिलेला नाही, उड्डाणपूल झालाय. ती म्हणाली, मग पुलाखालून जाईन. कुणी अडवलं तर बरंच, कार्ड दाखवता येईल. वयाच्या पासष्टाव्या वर्षी तिला एवढंच हवं होतं. फुकटचं काही मागत नव्हती, कुणाचं काही ओरबाडत नव्हती. बापाची वस्तू बापाची होती आणि आता आपली आहे, असं सरकारने एकदा लिहून द्यावं.

त्या कचेरीचं नाव मी इथे घेत नाही. अशा कचेऱ्या गावोगाव आहेत आणि ज्याने कधी गाडीचे कागद केलेत त्याला सांगायची गरज नाही. पहिल्या दिवशी खिडकीतल्या चष्मेवाल्या गृहस्थांनी ताईला विचारलं, मिस्टर कुठे आहेत? ती म्हणाली, मिस्टर नाहीत, गाडी माझ्या वडिलांची आहे. मग भाऊ असेल, त्याला पाठवा. इथून सुरुवात. सरकारी काम अन् सहा महिने थांब म्हणतात, आमच्या ताईचे पहिले सहा महिने तर अर्ज घेतला जाण्यातच गेले. शेवटी एकदा त्या चष्मेवाल्या गृहस्थांनी कॉम्प्युटरमध्ये नंबर घातला. नंबर निघाला. अण्णांचं नाव निघालं. ताई सांगायची, पडद्यावर अण्णांचं नाव बघून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात ते म्हणाले, चॅसिस नंबर जुळत नाही. गाडीच्या सांगाड्यावर कारखान्याने ठोकलेला जो आकडा असतो, त्याचे शेवटचे तीन अंक गाडीवर होते एक-नऊ-चार. कॉम्प्युटर म्हणत होता नऊ-नऊ-चार. मग गृहस्थांनी निकालच दिला. नंबर तुमच्या वडिलांचा, पण गाडी ती नाही. ही गाडी दुसऱ्या कुणाची तरी असणार, वर तुमच्या वडिलांची पाटी लावलेली दिसते. म्हणजे, ते चष्मा पुसत पुसत म्हणाले, बघा बुवा, चोरीबिरीची नसली म्हणजे मिळवली.

हे मला ताईने फोनवर सांगितलं तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आयुष्यभर जो आरोप ऐकून त्या माणसाने गाडीवर ताडपत्री टाकली, तोच आरोप मेल्यावर पुन्हा, तोही कॉम्प्युटरच्या तोंडून. मी ओरडत होतो, ते ताईने पूर्ण ऐकून घेतलं. मग एवढंच म्हणाली, "ओरडू नकोस. कुठेतरी लिहिताना चुकलंय. मी शोधते."

त्यानंतर गाडीच्या सांगाड्यावरच्या आकड्याचा छाप घ्यायला सांगितलं. तिथले एजंट त्या कामाचा मोठा बाऊ करतात. ताईने आकड्यावर पातळ कागद धरला आणि पेन्सिल आडवी घासली. पहिलीच्या पोरांना नाण्याचा छाप घ्यायला शिकवतात तसा. एक-नऊ-चार लख्ख उमटलं. तो कागद बघून एक एजंट तिच्या मागेच लागला. म्हणाला, मॅडम, कशाला हेलपाटे घालता, भंगारात गेलेल्या अशाच गाडीचं पुस्तक आहे माझ्याकडे. तुमच्या गाडीवरचा आकडा घासून त्या पुस्तकातला ठोकून देतो, आठवड्यात काम. ताईने त्याला विचारलं, पुस्तकावर नाव कुणाचं आहे? तो म्हणाला, असेल कुणाचं तरी, तुम्हाला काय करायचंय. ताई म्हणाली, "बाबा रे, माझ्या बापाचं नाव घासून तिथे दुसऱ्याचा बाप ठोकायचा असता, तर मी इथे आलेच नसते." तो एजंट पुढे तिला लांबूनच नमस्कार करायचा.

मग पोलिसांचा दाखला. मूळ पुस्तक नाही म्हटल्यावर त्याची तक्रार हवी आणि तक्रारीचा छापील मजकूर ठरलेला, 'माझ्या हातून गहाळ झाले'. आली का पंचाईत. ताईने पेनाने 'गहाळ झाले' खोडलं आणि वर लिहिलं, 'काढून घेण्यात आले'. ठाण्यातले म्हणाले, कुणी काढून घेतलं? तिने सांगितलं, पोलिसांनी. संपलं. तो अर्ज कुणी हातात धरेना. मी तिला म्हणालो, ताई, वेडेपणा करू नकोस, गहाळ तर गहाळ. तिने माझ्याकडे अशी नजर टाकली की मी चौथीत गेलो. चार-पाच महिने ते तसंच पडलं. शेवटी एक तरुण बाई हवालदार भेटल्या, त्यांनी सगळं ऐकून घेतलं, जरा वेळ पेन दाताखाली धरला आणि म्हणाल्या, मॅडम, 'सध्या उपलब्ध नाही' लिहू का? हे तर खोटं नाही ना? ताईने विचार केला आणि हो म्हणाली. त्या बाईंचं नाव तिने मला दहा वेळा तरी सांगितलं असेल. ज्यांनी नुसतं ऐकून घेतलं अशी माणसं तिला त्या सहा वर्षांत बोटांवर मोजण्याइतकी भेटली.

आता माझं. मी पाटबंधारे खात्यात कारकून होतो, छत्तीस वर्षं. त्या खिडकीपलीकडचा माणूस कसा विचार करतो हे मला न सांगता कळतं. म्हणून एकदा मीच ताईबरोबर गेलो. मला बघताच चष्मेवाल्यांचा चेहरा खुलला. आत बोलावून बसवलं, चहा मागवला. ताई बाहेर बाकावर. म्हणाले, साहेब, तुम्ही मुलगा आहात, तुमच्या नावाने अर्ज करा, बहिणीची हरकत नाही म्हणून लिहून घ्या, चॅसिसचं मी वर बोलून बघतो. आणि मी, लाज वाटते लिहायला, मी मान डोलावली. मला वाटलं, काम होतंय ना, मग कुणाच्या का नावावर होईना. बाहेर येऊन मोठ्या फुशारकीने ताईला सांगितलं. ती उठली, पर्स उचलली आणि जाऊन रिक्षात बसली. रिक्षात म्हणाली, "अण्णांनी गाडी कुणाला शिकवली होती?" बस. दुसऱ्या दिवशी मी माझं हरकत नसल्याचं प्रतिज्ञापत्र तिच्या नावाने करून दिलं. पण त्या दिवशीच्या चहाची चव अजून माझ्या तोंडात आहे आणि ती चांगली नाही.

ताईने माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला, की मला अण्णांच्या गाडीची मूळ नोंदवही डोळ्यांनी बघायची आहे. आधी उत्तर आलं, वह्या जीर्ण आहेत. मग आलं, वह्या सापडत नाहीत. तिने अपील केलं. मग वह्या सापडल्या. आम्ही दोघं गेलो. धुळीने भरलेली खोली, कपाटाबाहेर आलेली बासनं, आणि तोंडाला रुमाल बांधलेला एक शिपाई. त्याने एक जाडजूड वही टेबलावर आपटली. आधीची सगळी पानं इंग्रजी आकड्यांत होती. मध्येच एका पानापासून कुणी नवा कारकून आला असावा, सगळं मराठीत. सुंदर वळणदार अक्षर. त्यात अण्णांचं संपूर्ण नाव, खातं, पत्ता आणि गाडीच्या रकान्यात शेवटी १९४. ताईने त्यावर बोट ठेवलं आणि तिथेच थांबली. मला आधी काही कळलंच नाही. मग ती हसायला लागली. रुमाल तोंडाला लावून, खांदे हलवत, किती तरी वेळ. मला वाटलं रडतेय.

तीस वर्षं जी बाई पोरांचा हात हातात धरून '१' काढायला शिकवत आली, गाठ कुठे मारायची, शेपूट कुठे सोडायचं, तिला ते बघताक्षणी कळलं. कॉम्प्युटरमध्ये आकडे भरणाऱ्याने इंग्रजी पानांच्या ओघात हे मराठी पान ओढलं होतं. मराठीतला एक त्याला इंग्रजीतला नऊ वाटला. ताईने वही उचलली आणि थेट चष्मेवाल्यांच्या टेबलावर नेऊन ठेवली. म्हणाली, हा मराठीतला एक आहे. आणि त्याच्या शेजारी हा मराठीतला नऊ. दोन्ही एकाच ओळीत आहेत, दोन्ही वेगळे दिसतात, आणि तुम्ही दोघांनाही नऊ करून टाकलंत. ते गृहस्थ वहीकडे बघत राहिले. मग काय म्हणाले असतील? "मॅडम, तुमचं बरोबर आहे, पण सिस्टीमला मराठी कळत नाही."

महाराष्ट्रात. मराठी माणसाने, मराठी शाळेत शिकून, मराठी बाईला सांगितलं. वर आणखी, दुरुस्तीचा अधिकार आम्हाला नाही, प्रस्ताव वर पाठवावा लागेल. नऊ लिहायला कुणाला अधिकार लागला नाही, पण त्याचा एक करायला लागतो. त्या एका गाठीपायी माझा बाप चोर ठरला होता आणि ह्यांना प्रस्ताव पाठवायचा होता.

त्या रात्री मला झोप आली नाही, त्याचं कारण मात्र वेगळं होतं. आमच्या खात्यातही कॉम्प्युटर आले तेव्हा पाणीपट्टीच्या जुन्या वह्या आम्हीच उतरवल्या होत्या. महिनाअखेर गाठायची म्हणून धडाधड. कितीतरी लोक नंतर खिडकीशी यायचे, साहेब, माझा गट नंबर हा नाही म्हणायचे. मी काय सांगायचो? रेकॉर्डला हाच आहे, अर्ज करा, वर पाठवू. ... दुसऱ्या दिवशी मी ताईला हे सांगितलं. वाटलं, आता ही मला उभं जाळणार. ती म्हणाली, "तू शाळेतही एक असाच घाईत काढायचास. मी तुझ्या वहीत चारदा तरी दुरुस्त केलाय." तेवढंच. मला ती माफी वाटली, खरं तर ती नव्हती. मी ज्यांना परत पाठवलं त्यांच्या वतीने ती कोण मला माफ करणार?

प्रस्ताव वर गेला, वरून शंका आली, खुलासा गेला, साहेब बदलले, पुन्हा पहिल्यापासून. ताई दर महिन्याला जायची. स्वच्छ धुतलेली साडी, पिशवीत फाईल, पाण्याची बाटली. तिची आणि माझी शेवटची भेट ती जायच्या दहा दिवस आधीची. तिने नवं हेल्मेट आणलं होतं आणि ते डोक्यात घालून आरशासमोर उभी होती. आंबाडा आत मावत नव्हता. मला म्हणाली, केस कापून टाकू का रे? मी म्हणालो, एकाहत्तराव्या वर्षी आता हे काय खूळ? ती हेल्मेटच्या आतून हसत होती, मला फक्त डोळे दिसत होते.

आता ह्या पाच आठवड्यांत काय झालं ते सांगतो आणि थांबतो. तिचा मृत्यूचा दाखला आणि ती फाईल घेऊन मी कचेरीत गेलो. चष्मेवाल्यांनी खरोखर हळहळ व्यक्त केली, खोटं कशाला बोलू. मग म्हणाले, अर्जदार मयत झाल्या म्हणजे त्यांचा अर्ज आपोआप निकाली. पण घाबरू नका साहेब, एकाचा नऊ झालेला आता दुरुस्त झालाय, तुम्ही एकटे वारस, वडिलांच्या नावावरून थेट तुमच्या नावावर आठवड्यात करून देतो. मध्ये ताईंचं नाव घेण्याची गरजच नाही. किती सोपं! सहा वर्षं तिने खणलं आणि पाणी मी प्यायचं. मी विचारलं, मंजुरीची सही कधीची? त्यांनी फाईल बघितली. सोमवारची. मी म्हणालो, ती गेली मंगळवारी. सोमवारी ती जिवंत होती, चालत्या पायांनी बाजारात जाऊन मेथी घेऊन आली होती. मंजुरी सहीच्या तारखेला होते, कार्ड छापण्याच्या नाही. छत्तीस वर्षं मी हेच नियम लोकांच्या तोंडावर फेकलेत, एकदा तरी योग्य माणसासाठी वापरतो. आधी कार्ड तिच्या नावाने निघेल, त्यानंतर माझ्या नावाचं बघू. ते म्हणाले, मेलेल्या माणसाच्या नावाने कार्ड काढून करणार काय? मी म्हणालो, ते आमचं आम्ही बघू. त्यांनी माझा अर्ज परत सरकवला. मी पुन्हा पुढे सरकवला आणि सांगितलं, नाकारायचा तर लेखी नाकारा, आणि आधी आवक क्रमांक टाका. आवकचा शिक्का बसला, की उत्तर देणं भाग पडतं, हे त्यांना ठाऊक होतं आणि मला ठाऊक आहे हे त्यांना त्या क्षणी कळलं. शिक्का बसला. उत्तर अजून नाही. एकजण घरी येऊन गेला, जुन्या गाड्यांचा शौकीन, म्हणाला कागद नसले तरी चालतील, दिवाणखान्यात शोभेला ठेवतो. त्याला मी जिना दाखवला.

दर रविवारी सकाळी ताई पार्किंगमध्ये गाडी पाच मिनिटं सुरू करून ठेवायची. रस्त्यावर न्यायची नाही, कागद नव्हते ना. नुसतं इंजिन गरम करायची आणि बंद करायची. हल्ली रविवारी मी सिन्नरहून येतो आणि ते करतो. गेल्या रविवारी नवीन वॉचमन होता, पेठ तालुक्याकडचा, चार दिवसांपूर्वी कामाला लागलेला. सोसायटीने त्याला सगळ्या गाड्यांची वही करायला सांगितली होती. तो गुडघ्यावर वही टेकवून माझ्यासमोर बसला आणि विचारलं, हिचा मालक कोण लिहू? मी ताईचं नाव सांगितलं. संपूर्ण, अण्णांच्या नावासकट. त्याने जीभ ओठात धरून सावकाश ते लिहिलं आणि वही मिटली. मी छत्तीस वर्षांच्या सवयीने विचारलं, सही कुठे करू? त्याने माझ्याकडे जरा नवलाने बघितलं. "सही कशाला? तुमी सांगता ना, त्यांची हाय म्हणून." ... गाडी सुरूच होती. मला ती बंद करायचं सुचेना, मी तिथेच जिन्याच्या पायरीवर बसून राहिलो.